जरा पडा हो आता

बुधवार

परवा रात्री पावणेदहाला घरी पोचलो. बॅगा रिकाम्या झाल्या, मशीनला दोनदा कपडे लावून झाले, आमसुलं बरणीत भरली. तरी एक वाक्य मनातून जात नाहीये. शनिवारी आंजर्ल्याला दुपारची जेवणं झाल्यावर मी सवयीने ताटं उचलायला वाकले, तर काकूंनी हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाल्या, "ठेवा ते. जरा पडा हो आता."

एवढंच. आणि माझे डोळे भरून आले. हात धुवायच्या निमित्ताने मागच्या दारी गेले आणि पाणी उगाच वाहू देत तिथेच उभी राहिले.

काकूंना मी तोवर जेमतेम एका दिवसाची ओळखत होते. आदल्या संध्याकाळी अंधार पडता पडता दोन घरी "जागा नाही" ऐकून त्यांच्या अंगणात शिरलो होतो. त्यांनी नावगाव विचारायच्या आधी "आधी पाणी घ्या" म्हटलं होतं. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. अण्णांचं नाही, गेल्या दीड वर्षाचं नाही, बँकेतलं तर नाहीच. मग त्यांना कुठे दिसलं? की काही दिसलंच नव्हतं, आणि जेवल्यावर पाहुण्याला म्हणतात तसं त्या म्हणाल्या? असं असेल तर मला रडू का यावं?

तेच मांडून बघते आहे.

मुळात जायचं ते न ठरवता, ही धाकटीची अट होती. आमच्या प्रत्येक प्रवासाची माझी फाइल असते. राहायच्या जागांच्या पावत्या, औषधांची यादी, कुठून कुठे किती किलोमीटर, वाटेत जेवायला कुठे. "यंदा फाइल नको," ती म्हणाली, "गाडीत बसायचं आणि समुद्राकडे जायचं." ह्यांनी तिची बाजू घेतली. आम्ही निघालो तेही सकाळी साडेनऊला. एरवी मी पहाटे पाचला घर सोडते, त्यामुळे चांदणी चौक येईपर्यंतच माझा जीव घाबरा झाला होता. मुळशीचं पाणी दिसायच्या आत मी तीनदा विचारलं, "पण आज रात्री राहायचं कुठे?" तिसऱ्यांदा कुणी उत्तर दिलं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मला राग आला. राग यायला काही कारण नव्हतं. ताम्हिणीत सोनेरी गवत होतं, रस्ता मोकळा होता, दोघंही खुशीत होती.

हरिहरेश्वरला पोचेतो चार वाजले. तिथली प्रदक्षिणा देवळामागून डोंगराच्या कडेने खाली उतरून खडकांवरून करायची असते, आणि ती ओहोटीलाच करता येते. आम्ही पोचलो तेव्हा भरती. पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून बघितलं तर खालच्या वाटेवर लाटा फुटत होत्या. फाइल असती तर मी वेळ बघूनच निघाले असते, हे मी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तीच वाट कोरडी होती आणि खडकांना मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली उन्हात स्वच्छ दिसत होती. आदल्या दिवशी घाईघाईने उरकली असती तर ती जाळी मी हात लावून बघितली नसती.

मग बागमांडल्याची जेट्टी. जंगलजेट्टीने गाडीसकट खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, म्हणजे रायगड सोडून रत्नागिरी जिल्हा. नाहीतर आंबेतकडून लांबचा वळसा. आमच्या डोळ्यांदेखत एक बोट सुटली आणि पुढची येईपर्यंत थांबायचं होतं. तिथे तिकिटाच्या खिडकीजवळ एका माणसाने सहज विचारलं, "कुठं निघालात?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटी हसली, हे हसले. मला मात्र खरोखर लाज वाटली. पन्नाशी उलटलेल्या बाईला कुठे चाललोय ते सांगता येऊ नये! मी "दापोली" म्हणून टाकलं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

बोटीवर वारा होता. महाबळेश्वरच्या देवळात जिची धार आपण गोमुखातून पडताना बघतो तीच सावित्री इथे इतकी रुंद होऊन समुद्राला मिळते. डाव्या हाताला अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब पाण्यात उभे होते. पूल व्हावा असं तिथल्या लोकांना वाटत असणारच. दवाखान्याला जायचं असेल आणि बोट सुटलेली असेल तर काय होतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण त्या पंधरा मिनिटांत कुणालाच काही करता येत नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती, वेळ वाचवता येत नव्हता, आणि माझे खांदे पहिल्यांदा खाली आले. ते इतके वर होते हे खाली आल्यावरच कळलं.

वेळासला थोडा वेळ थांबलो. नाना फडणवीसांचं गाव. आता ते कासवांचं गाव म्हणून जास्त माहीत आहे. ऑलिव्ह रिडले कासवीण थंडीत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरावर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. परत फिरून बघायला येत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 च्या सुमारास गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी जपायला सुरुवात केली, तोवर ती चोरून खाल्ली जात. हे सगळं हे मला सांगत होते आणि मी एकदम म्हणाले, "म्हणजे टाकून जाते." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही बोलले नाहीत. तो विषय तिथेच राहिला, इथेही राहू दे.

तर आंजर्लं.

काकूंचं घर वाडीत, नारळी-पोफळींच्या मधे. अंगणात सुपाऱ्या वाळत पसरलेल्या, नारिंगी आणि तपकिरी. दीडेक महिना ऊन खातात म्हणे, मग सोलायच्या. पडवीत झोपाळा. सकाळी आंबोळ्या आणि नारळाची चटणी झाली तरी मी आपली "आज काय काय बघायचं" काढत बसले होते. कड्यावरचा गणपती, तिथून दिसणारा सुवर्णदुर्ग, दुपारी हर्णैच्या बंदरावरचा लिलाव. तेव्हा काकांनी मला भरतीचा हिशोब शिकवला. तिथीला पाऊणपटीने गुणायचं. पंचमीचे पावणेचार, षष्ठीचे साडेचार. "आज सप्तमी, म्हणजे सव्वापाचला भरती," ते म्हणाले. "सहा तास मागे जा, ओहोटी. घड्याळ नको की काही नको." मला हिशोब आवडतात, त्यामुळे मी लगेच वहीत उतरवून घेतला. मग लक्षात आलं की हा हिशोब रोज पाऊण तासाने पुढे सरकतो. फाइलमध्ये तो घालता येत नाही. रोज उठून नव्याने करावा लागतो.

काका म्हणाले म्हणून गुरुवारचं हरिहरेश्वर कळलं. पंचमी, पावणेचार. आम्ही ऐन भरतीत तिथे उभे होतो.

दुपारी वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी. आणि मग ते ताट, आणि ते वाक्य.

मी पडले. माजघराशेजारच्या खोलीत, गार जमिनीवर नुसती चटई आणि उशी. दहा मिनिटं, असं ठरवून. अंगणातल्या सुपाऱ्या कुणीतरी हाताने खालीवर करत होतं, त्यांचा आवाज येत होता. लांबून समुद्र. एवढंच आठवतं.

जागी झाले तेव्हा खोलीत अंधार होता. अशी धडपडत उठले की उशी लाथेने लांब गेली. औषध! चहा! किती वाजले? मग हळूहळू कळलं की मी आंजर्ल्याला आहे आणि सव्वासहा वाजलेत. ज्या औषधाच्या वेळेला मी उठले होते ते आता कुणालाच द्यायचं नाही. हे दोघं घरात नव्हते. काकू म्हणाल्या, "दर्यावर गेलेत. तुम्हाला उठवू नका सांगून गेलेत."

खरं सांगायचं तर मला आधी वाईट वाटलं. मला न उठवता गेले. माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. गणपती राहिला, लिलाव राहिला, आणि कुणाला त्याचं काही नाही. मग मनात ती जुनी माळ सुरू झाली. मी आयुष्यभर कुणाकुणाला "पडा जरा" म्हटलं असेल? अण्णांना दिवसातून दहा वेळा. ह्यांना, पाठ धरली की. मुलींना परीक्षेच्या दिवसांत, थोरलीला बाळंतपणात. वन्सं आल्या की त्यांना. कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा. मला कोण म्हणालं? आई गेल्यापासून कुणी नाही. एका अनोळखी बाईने म्हणावं लागलं. असं सगळं मनात घोळवत मी झोपाळ्यावर बसले आणि काकूंनी दिलेला चहा थंड होऊ दिला.

हे दोघं आले तेव्हा अंगभर पुळण, धाकटीच्या ओढणीत शिंपले. मी गप्प आहे हे तिला लगेच कळलं. रात्री अंगणात आम्ही दोघीच होतो तेव्हा तिने विचारलं आणि मी सांगून टाकलं. ताटाचं, वाक्याचं, आई गेल्यापासूनचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, आम्ही रोज म्हणतो गं. बाबा रोज रात्री म्हणतात, तू पड, मी बघतो. तू पडत नाहीस."

रविवारी दिवसभर मी हेच उलटसुलट करत होते. गणपतीला गेलो तेव्हाही. उजव्या सोंडेचा, कडक, म्हणून मी एरवी फार जपून नमस्कार करते. या वेळी काय मागायचं ते सुचलंच नाही, नुसती उभी राहिले. वरून सुवर्णदुर्ग दिसत होता, पाण्यात बसल्यासारखा, आणि खाली सगळं आंजर्लं पोफळींखाली झाकलेलं. काकूंचं घर शोधायचा प्रयत्न केला, सापडलं नाही.

धाकटीचं खरं आहे. हे म्हणतात. "तू पड, मी बघतो." पण मला त्यातलं "मी बघतो" तेवढंच ऐकू येतं, आणि लगेच वाटतं, काय बघणार? गोळी कोणती ते माहीत आहे का? मग मी उठते. दीड वर्ष उठले. अण्णा गेल्यावरही उठते. रात्री अडीचला, न चुकता. काकूंनी ताट काढून घेतलं तेव्हा त्यांच्या घरात मला काहीच माहीत नव्हतं. कोणतं भांडं कुठे जातं, दूध कुठल्या पातेल्यात विरजायचं, काही नाही. तिथे मी उपयोगाची नव्हते. म्हणून पडले. हे मला आधी फार बोचलं. आता तितकं बोचत नाही. साडेतीन तास झोपले, हे तर खरं आहे ना. मला दिवसा इतकी झोप शेवटची कधी लागली होती ते आठवत नाही. आणि त्या साडेतीन तासांत कुणी उपाशी राहिलं नाही, कुणी पडलं नाही, समुद्राला ठरल्या वेळी भरती आली.

सोमवारी जेवून निघालो. गुहागर राहिलं, दाभोळची जेट्टी राहिली. खेडला हायवे धरला आणि महाड, माणगाव करत ताम्हिणीने परत. वाटेत मला एकदम आठवलं की मी झोपले तेव्हा काकू सुपाऱ्या परतत होत्या, आणि उठले तेव्हा पडवीत बसून वाळलेल्या सोलत होत्या. म्हणजे त्या पडल्याच नाहीत. त्यांना कोण म्हणतं? निघताना मी त्यांच्या हातात पैसे दिले, आमसुलं घेतली, वाकून नमस्कार केला, "या पुण्याला" म्हटलं. हे एक म्हणायचं राहिलं. घाटभर तेच डोक्यात. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, फोन कर ना.

आज केला. पोचल्याचं कळवायचं निमित्त होतंच. दुपारचे अडीच झाले होते. आज एकादशी, म्हणजे सव्वाआठला भरती आणि आत्ता ओहोटी. हा हिशोब मी इथे पुण्यात ओट्याशी उभी राहून का करते आहे, कोण जाणे. फोन बराच वेळ वाजला. काकूंनी उचलला तेव्हा आवाज जड होता.

"काकू, आंजर्ल्याहून आलो ना परवा, सुखरूप पोचलो. तुम्ही दुपारच्या जरा पडत जा हो," मी एका दमात म्हटलं.

"पडलेच होते की," काकू म्हणाल्या. "रोज पडते मी या वेळेला. तुम्ही होतात म्हणून तेवढं सोलायला बसले होते, पाहुण्यांना हाक मारायची वेळ आली तर."

मला इतकं बरं वाटलं, आणि इतकं ओशाळल्यासारखंही झालं, की पुढे काय बोलावं कळेना. झोपमोड केली तुमची, म्हटलं, ठेवते.

"ठेवा," त्या म्हणाल्या. आणि "बरं का", "येत जा", असलं काहीही न लांबवता त्यांनी फोन ठेवला.