डोंगल कुणाच्या खिशात

मी ग्रामसेवक. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावाला मी अजून भाऊसाहेबच.

केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना यायचा. त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. गावाची मर्जी चालायची ती उरलेल्या ४० टक्के अबंधित पैशांत. बिल काढायला संगणकाला डोंगल, म्हणजे सहीचा पेनड्राइव्ह, लावून आधी माझी, मग सरपंचांची डिजिटल सही लागते. आमच्या सरपंचताईंचं डोंगल पहिल्या दिवसापासून त्यांच्या मिस्टरांच्या, अण्णांच्या, किल्ल्यांच्या जुडग्यात. बिल तयार झालं की मीही फोन अण्णांनाच लावायचो. सोपं पडायचं.

२५ जानेवारीला महिला सभा होती. ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरातच होते. दोन वर्षं मीही शिपायाला घरोघर धाडून सह्या गोळा केल्या होत्या. या खेपेला बचत गटाच्या तीसेक बायका खरोखरच येऊन बसल्या. मी वाचलं, 'अबंधितमधून देवळासमोर पेव्हर ब्लॉक.'

मागून एक आजी म्हणाल्या, "देवळात आम्ही सणासुदीला. ओढ्यातनं पोरं रोज शाळंला जात्यात."

ओढ्यावर पाइप टाकून मोरी करा, असा गलका झाला. सगळ्या ताईंकडं बघायला लागल्या. एरवी त्या 'यांना विचारून सांगते' म्हणायच्या. आज पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लिहा भाऊसाहेब."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत अण्णा गप्पच होते. मोरी मे महिन्यात झाली, बिल मात्र अडकलं. डोंगल 'सापडत नव्हतं'. ठेकेदार माझ्या दारात रोज हजर.

जूनमध्ये एका दुपारी ताई एकट्याच ऑफिसात आल्या. जुडगं सगळंच्या सगळं टेबलावर ठेवलं, मोटारसायकलच्या किल्लीसकट. अण्णा त्या दिवशी पायीच फिरले असणार.

डोंगल लावलं. संगणकानं पिन मागितला. ताईंनी माझ्याकडं पाहिलं. पिन मीच घालून दिला होता: अण्णांचं नाव आणि पुढं १२३. सांगताना जीभ अडखळली. एका बोटानं दोन अक्षरं दाबून त्या थांबल्या.

"आधी हा बदलायचा कसा, ते दाखवा."

दाखवलं.

"आता तिकडं बघा."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.