वाचताना देवनागरी, जळताना मोडी

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे, आणि जरा सविस्तरच लिहिते आहे, म्हणजे यापुढे कुणी विचारले की हेच पाठवून देता येईल. प्रश्न नेहमी एकच असतो. एका ऐतिहासिक मालिकेत अठराव्या शतकातले एक पात्र गुप्त पत्र वाचते, तेव्हा कागदावर देवनागरी अक्षरे दिसतात. तेच पत्र ते पात्र दिव्याच्या ज्योतीवर धरते, तेव्हा जळत्या कडेशी मोडी या जुन्या मराठी लिपीतली अक्षरे दिसतात. कुणीतरी ही दोन दृश्ये शेजारीशेजारी लावून त्यांचे चित्र सगळीकडे फिरवले. त्या मालिकेची प्रॉपर्टी, म्हणजे पात्रांच्या वापरातल्या वस्तू, माझ्याकडे होती हे कळले की लग्नाच्या पंगतीत, नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असताना मला विचारले गेले आहे : ‘‘एवढी साधी गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली नाही?’’

लक्षात आली होती. वस्तूचा काळ ओळखणे हे आमचे पहिले काम आहे. १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या प्रसंगात वाण्याच्या गल्ल्यात नवे पैसे चालत नाहीत, १ मे १९६० पूर्वीच्या सरकारी कागदावर ‘महाराष्ट्र शासन’ असू शकत नाही, १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीच्या पाकिटावर पिन कोड लिहिलेला दिसता कामा नये, आणि २०१० आधीच्या दुकानाच्या पाटीवर रुपयाचे चिन्ह दिसले तर मी स्वतः रंगाचा डबा घेऊन धावते. खोट्या नोटांचा प्रकार तर याच्या उलट आहे : त्या पुरेशा खोट्या दिसल्या पाहिजेत, कारण खऱ्या नोटेशी साम्य असलेला कागद छापणे हाच कायद्याने गुन्हा आहे. ही माहिती आमच्यापाशी असते. पण एखादी गोष्ट आमच्या लक्षात येणे आणि ती पडद्यावर येणे यांच्यामध्ये लेखक, दिग्दर्शक, छायाचित्रकार, वाहिनीचा प्रतिनिधी आणि उद्या प्रक्षेपित व्हायचा असलेला भाग एवढे सगळे उभे असते. पटकथेची पाने आदल्या संध्याकाळी हातात पडतात आणि सकाळी सातला वस्तू सेटवर लागते. ही सबब वाटत असेल तर वाटू द्या. सबब खरीही असू शकते.

त्या पत्राच्या बाबतीत मात्र मला वेळ मिळाला होता, आणि म्हणूनच ते अजून सलते. प्रसंग महत्त्वाचा असल्यामुळे तो बराच आधी ठरला होता. मी खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याहून हातकागद आणवला. पुण्यात मोडीचे वर्ग घेणारे एक निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे होते; मी त्यांना काका म्हणते. त्यांना पत्राचा मजकूर दिला. तो मजकूर त्यांना पसंत पडला नाही. अशी पत्रे अशी सुरू होत नाहीत, तारखेला चंद्राचा ‘छ’ (चांद्र तारखेची खूण) हवा, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ हवे, असे सांगून त्यांनी तो बसून नीट करून दिला. मग त्यांनी बोरू तासला. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरे तिच्याखाली टांगत जातात, हे मी वाचले होते, पण एखाद्या सरावलेल्या हाताने ते करताना पाहणे वेगळे. रेघ संपूर्ण पानभर ओढून झाली आणि मग हात जवळजवळ न उचलता, दोन शब्दांमध्ये जागा न सोडता, ओळ वाहत गेली. शाई ओली असताना त्यांनी वर बारीक वाळू भुरभुरली आणि कागद तिरका करून झटकला. चारदोन कण शाईत अडकून राहिले आणि उजेडात चमकले. असेच कण जुन्या दफ्तरांतल्या कागदांवर सापडतात, असे ते म्हणाले.

पत्र जळायचे होते, म्हणजे प्रती अनेक हव्या होत्या; एक टेक बिघडला की नवा कागद लागतो. आणि प्रती सारख्या हव्यात, नाहीतर संकलनात उडी दिसते. काकांनी प्रत्येक प्रतीत ओळ त्याच अक्षरावर तोडली. हाताने, बोरूने. ज्यांना हे सोपे वाटते त्यांनी आपली सही दहा वेळा तंतोतंत सारखी करून पाहावी. मी त्यांना चित्रीकरण पाहायला गोरेगावच्या चित्रनगरीत येण्याचे निमंत्रण दिले. ते पहाटेच्या गाडीने आले, इस्त्रीचा सदरा घालून.

दिग्दर्शकांनी पत्र हातात घेतले, कौतुक केले आणि म्हणाले, ‘‘ताई, सुंदर आहे, पण हे कुणाला वाचता येणार?’’ मी म्हणाले, पार्श्वभूमीवर पत्र लिहिणाऱ्याचा आवाज घ्या. ते म्हणाले, आवाज घेतला तर नाव मोठ्याने उच्चारले जाईल. इथे पत्राच्या शेवटचे नाव प्रेक्षकाने स्वतः, गुपचूप वाचायला हवे, कारण पुढचे दोन भाग प्रेक्षकाला ते नाव ठाऊक आहे आणि घरातल्या बाकी पात्रांना नाही, यावरच उभे आहेत. खाली देवनागरी पट्टी द्या, मी म्हणाले. पट्टी आली की माणूस पत्र सोडून पट्टी वाचतो, ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, ‘‘देवनागरी तेव्हा होतीच ना?’’ होती. पोथ्यांमध्ये होती, तिला बाळबोध म्हणत. पण घाईत लिहिलेले राजकारणाचे गुप्त पत्र कुणी बाळबोधीत लिहीत बसत नसे. हे मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि घड्याळाकडे पाहिले.

पुढे जे झाले त्याला फार वेळ लागला नाही. निर्मितीच्या कार्यालयातल्या प्रिंटरवर बोरूच्या वळणाचा एक फॉण्ट निवडून मजकूर छापला गेला, स्पॉट दादांकडून चहाचे पाणी आणून माझ्याच साहाय्यकाने तो कागद रंगवला, टेबल फॅनखाली वाळवला, आणि पत्राचे निकटदृश्य झाले. मग जाळण्याची वेळ आली. छापील प्रत एकच धड होती, आणि प्रिंटरचा कागद भुर्रकन जळून जातो हे तालमीत दिसलेच. हातकागद जाड, सावकाश पेटतो, कडेने काळा होत वळतो. छायाचित्रकार म्हणाले, ‘‘ते दुसरे कागद आहेत ना, ते जाळा. लांबून घेतोय, अक्षरं दिसणार नाहीत.’’ ओली पोती आणि वाळूची बादली जवळ ठेवून आम्ही एकामागून एक मोडी प्रती जाळल्या. एका टेकच्या वेळी कॅमेरा ठरल्यापेक्षा पुढे सरकला, नटाचा चेहरा फार चांगला पडला, आणि तोच टेक ठेवला गेला. तुम्ही फिरवलेले चित्र त्यातले आहे.

काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी गाडी किती वाजता सुटते एवढेच विचारले. माझ्या ओठांवर बरेच काही होते, त्यातले मी काही बोलले नाही. पुढच्या कामाच्या वेळी त्यांनी नकार दिला नाही. मानधन मात्र आगाऊ मागितले, आणि मी ते त्याच दिवशी पोहोचवले.

आता खरा वाद, आणि तो तुमच्याशी नसून एकांकिका स्पर्धांच्या दिवसांतल्या माझ्याशी आहे. ती मुलगी ठामपणे म्हणायची की वस्तू खरी असली की नट खरा होतो. तिने पुण्याच्या जुन्या बाजारातून पितळेचे अस्सल जड कंदील उचलून आणले होते आणि एका हाताने पेलत नाही म्हणून नट तक्रार करतो यातही तिला अभिनयाची संधी दिसायची. तिला त्या दिवशी सेटवर उभी केली असती तर ती कागदांची थप्पी घेऊन निघून गेली असती. मी गेले नाही. तिला मी सांगते की ऐतिहासिक मालिकेतली पात्रे आजचे मराठी बोलतात, कुणी हरकत घेत नाही, कारण तसा करार झालेला असतो. मग आजची लिपी हाही त्याच कराराचा भाग का नाही? दिग्दर्शकांचे म्हणणे गोष्टीच्या बाजूने होते, आणि गोष्ट सांगण्यासाठीच आम्ही सगळे तिथे असतो. ती उलट विचारते : भाषा लेखकाची, पण कागद तुझा, तुझ्या ताब्यातल्या वस्तूबद्दल करार करायला तुला कुणी सांगितले? मोडी काही शिलालेखांतली लिपी नव्हे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवत. पणजोबांचे खरेदीखत घरात आहे आणि ते घरातल्या एकालाही वाचता येत नाही अशी कितीतरी घरे आहेत. त्यांना ती लिपी पडद्यावरही दिसू द्यायची नाही, तर मग कुठे? तिच्या या मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर नाही. पण मालिका बंद पडली असती तर काकांचे मानधनही निघाले नसते, हे तिला ठाऊक नाही.

आणि राहवत नाही म्हणून तुम्हालाही एक विचारते. त्या चित्रात तुम्ही लिपी पकडलीत, चांगले केलेत. पण कथेत ते पत्र दोन दिवसांपूर्वी लिहिलेले होते. ते पिवळे का होते, हे एकाही माणसाने मला विचारलेले नाही. जुना काळ म्हणजे पिवळा कागद, काळपट तांबे आणि विटके कापड, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे. त्या काळी तो कागद कोरा होता आणि घागर चिंचेने घासून लखलखत होती. चहाच्या पाण्याला एक प्रामाणिक कारण आहे : पांढराशुभ्र कागद दिव्यांखाली भगभगतो, नटाच्या चेहऱ्यावर उजेड फेकतो आणि कॅमेऱ्यात त्यावरची अक्षरे पुसट होतात, म्हणून तो थोडा मळवावाच लागतो. पण थोडा. आम्ही मळवतो ते त्याहून पुष्कळ जास्त, कारण नवा कोरा कागद दाखवला तर तुमची तक्रार येईल की हा कालच दुकानातून आणला. तुमच्या नजरेचीही आम्हाला भीती असते, हे लक्षात घ्या.

सध्या एका नाटकाच्या तालमी चालू आहेत आणि त्यातही एक पत्र आहे. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेतूनही त्यावरचे अक्षर दिसणार नाही. या वेळी दिग्दर्शिका मोडीच हवी म्हणते आहे, नटाच्या मनाचा भाव वेगळा पडेल म्हणून. नट देवनागरी मागतो आहे, कारण तो उतारा त्याला पाठ होत नाही आणि बघून वाचायचा आहे. काकांना मी मजकूर पाठवला आहे, मानधनासह. देवनागरी प्रतही छापून ठेवली आहे. रंगीत तालमीला दोन्ही नेणार आहे.