पडद्यावरून मोबाइलच्या पडद्यावर

बाबा नाटकाचे पडदे रंगवायचे. कुडाळच्या आसपास जत्रेला, गणपतीत हौशी नाटकं व्हायची. रान, राजवाडा, रस्ता असे तीन-चार पडदे लागायचे. डोंगराचा हिरवा कालवून झाला की बाबा त्यातला थोडा वेगळ्या डब्यात काढत, त्यात पांढरा नि चिमूटभर नीळ घालत आणि म्हणत, "ह्यो मागचो डोंगर." आणखी पांढरा घातला की त्याच्याही मागचा. पुढे फ्लेक्स आले आणि ते काम बसलं.

मी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकलो, तिथेच नोकरी धरली आणि २०२० च्या टाळेबंदीत घरी आलो तो आलोच. पहिलं काम मिळालं दोन मित्रांचं. ते दिवसा नोकरी करायचे, रात्री मोबाइल गेम बनवायचे. भर पावसात हरवलेली म्हैस शोधायला निघालेला मुलगा, एवढीच गोष्ट. त्यामागची चौदा दृश्यं मी रंगवायची, साठ हजार रुपये. ब्लेंडर, क्रिटा ही माझी चित्रांची सॉफ्टवेअर फुकट, मित्रांचं गेम बनवायचं गोडो इंजिनही फुकट. म्हणजे खर्च होता तो फक्त माझ्या वेळेचा. आणि नेमका तिथेच मी गोत्यात आलो. पहिलं रान पान न पान रंगवलं. नऊ दिवस गेले.

बाबा चहा घेऊन मागे उभे होते. म्हणाले, "पोरगो धावता, मगे पानां बघतलो कोण?"

ते दृश्य मी टाकून दिलं. नव्याने पाच थर केले: आभाळ, लांबचे डोंगर, झाडांची रांग, चालायची जमीन आणि अगदी पुढे, नाटकातल्या विंगांसारख्या, काळ्या फांद्या. मागचा थर सावकाश सरकतो, पुढचा भरभर. झाडं अकराच काढली, तीही नुसत्या काळ्या आकृत्या. कुठे उलटी केली, कुठे ताणली, कुठे अर्धी कापली. दृश्य दोन दिवसांत व्हायला लागलं, आणि खरं सांगायचं तर त्या नऊ दिवसांच्या रानापेक्षा याचीच जास्त भीती वाटायची.

मग धुकं. स्क्रीनभर पसरलेले चार पारदर्शक थर एकावर एक टाकले. माझ्या संगणकावर अप्रतिम! त्या दोघांपैकी एकाच्या दोन जीबी रॅमच्या जुन्या फोनवर मुलगा अडखळत चालू लागला आणि फोन तव्यासारखा तापला. पारदर्शक थर आला की फोनला खालचा ठिपका पुन्हा रंगवावा लागतो. चार धुकी म्हणजे चार वेळा. आता धुकं लांबच्या डोंगरातच रंगवून टाकतो, बाबांच्या पांढऱ्या-निळीसारखं, आणि हलती अशी एक अरुंद पट्टी तेवढी पायांजवळ ठेवतो.

आभाळाने वेगळाच ताप दिला. २०४८ बाय २०४८ चं चित्र तसंच ठेवलं तर मेमरीत १६ एमबी खातं, ईटीसी२ या चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीने दाबलं की ४. पण दाबल्यावर संध्याकाळच्या रंगात जिन्यासारखे पट्टे उमटले. त्यावर बारीक रवाळ कण पसरले, पट्टे दिसेनासे झाले.

सगळं झाल्यावर भर दुपारी एसटी स्टँडवर गेम उघडला. काळ्या फोनमध्ये माझंच तोंड दिसलं. सगळ्या दृश्यांचा मधला थर उजळ करायला आठवडा गेला, त्याचे पैसे मागायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून प्रत्येक दृश्य आधी स्टँडवर जातं.

व्यवहारात चुकाही माझ्याच. तीच अकरा झाडं मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकली, पहिले चिडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. आता कुठली चित्रं कुणाची हे करारात लिहितो. निम्मे पैसे आगाऊ घेतो. एकजण पूर्ण काम घेऊन गायब झाल्यावर सुचलेलं हे शहाणपण.

आज आम्ही तिघं आहोत. सध्याचं काम समुद्राच्या तळाचं आहे. तिथे डोंगर नाही, विंगा नाहीत, उजेड वरूनच येतो, आणि अकरांपैकी एकही झाड उपयोगाचं नाही. पहिलं दृश्य आज सहाव्यांदा पुसलं.