आमची वाटचाल : रेडिओला ऐकू देणारी सौर पेटी

जळगावात सोलर पंप आणि इन्व्हर्टर बसवणारी दुकाने पुष्कळ आहेत, परंतु हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवल्या जाणाऱ्या बिनतारी संदेशयंत्रणेच्या, फिरत्या आणि आपत्कालीन केंद्रासाठी खांद्यावरून नेता येईल अशी सौर वीजपेटी बांधण्याचे काम, माझ्या माहितीप्रमाणे, खानदेशात आम्हीच प्रथम हाती घेतले. त्याचे श्रेय भुसावळच्या नानांना आहे. रेल्वेच्या दूरसंचार विभागातून निवृत्त झालेले नाना परवानाधारक हॅम आहेत. २००१ च्या भूजच्या भूकंपात दूरध्वनी ठप्प झाले तेव्हा हॅम मंडळींनी निरोप कसे पोहोचवले, हे ते तळमळीने सांगत आणि मग विचारत, "भाऊ, वीज जाऊन तीन दिवस झाले आणि डिझेलही मिळेना, तर माझा सेट कशावर चालवायचा?"

१०० वॅटचा एचएफ, म्हणजे दूरवर पोहोचणाऱ्या लघुलहरींचा, सेट ऐकताना साधारण १ अँपिअर घेतो आणि बोलताना २० अँपिअरपर्यंत जातो. पाण्याच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढणे हिताचे असते आणि ती उचलून तोरणमाळच्या पठारावर नेणे म्हणजे दोन माणसांचे काम. म्हणून आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटच्या हलक्या बॅटरीकडे वळलो, ३.२ व्होल्टचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात आणि सेट ते आनंदाने स्वीकारतो.

खरा प्रश्न पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या चार्ज कंट्रोलरचा होता. पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा एमपीपीटी कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्यातून निघणारा रेडिओ गोंगाट हॅम वापरतात त्या ४० मीटरच्या बँडपर्यंत (लहरींच्या पट्ट्यापर्यंत) पोहोचतो आणि पॅनेलची लांब वायर त्याला ॲन्टेनासारखी बाहेर फेकते. बाजारातला प्रत्येक कंट्रोलर आम्ही नानांच्या टेबलावर तपासला. आमचे सर्वांत मोलाचे हत्यार म्हणजे जुना मीडियम वेव्हचा खिशातला रेडिओ. दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी तो लावून कंट्रोलरजवळ धरला की दोष लगेच ऐकू येतो. त्याच्या जोडीला तारेतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आणि तारेच्या टोकांना जोड दाबून बसवणारी चांगली क्रिम्पिंग पक्कड, जी मी आजही कोणाच्या हाती देत नाही. कंट्रोलर पत्र्याच्या डबीत बंद करणे, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही तारांना पीळ देऊन गोंगाट अडवणाऱ्या फेराइट रिंगमधून वेढे घेणे, आणि पॅनेलची जोडणी तोडण्याचे बटण दर्शनी बाजूला ठेवणे, ही आमची पद्धत तेथेच ठरली.

पुढे आमच्याच एका विक्रेत्याने पेटी उघडून पाहिली आणि तशीच दिसणारी पेटी निम्म्या किमतीत बाजारात आणली. आत ना फेराइट, ना पत्रा. कंट्रोलरवर एमपीपीटी छापलेले, पण आत साधा, स्वस्त प्रकारचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, आणि तोही गोंगाट करणारा. पूरपथकांसाठीच्या पेट्यांची मोठी मागणी आम्हाला तोंडी कबूल झाली होती, त्या भरवशावर कर्ज काढून सेल आणले होते. ती मागणी ऐनवेळी त्याला गेली. तापीकाठच्या सरावात ऊन पडताच त्याच्या पेटीच्या गोंगाटाने एस-मीटर (सेटवरील, येणाऱ्या लहरींची ताकद दाखवणारा काटा) ९ वर नेऊन ठेवला आणि पलीकडचे केंद्र ऐकू येईना. दोष मात्र त्याचा न ठरता "सोलरवर रेडिओ चालत नाही" असा बोलबाला झाला आणि आमच्या मागण्याही रद्द झाल्या. गाडी विकली, कारागिरांना निरोप दिला, एमआयडीसीतील शेड सोडून काम घरच्या ओसरीवर आणले. हा अन्याय मी विसरलेलो नाही.

त्या काळात नाना स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी परिसरातील हॅम मंडळींना भर दुपारी मैदानावर बोलावले आणि एकाच सेटला, एकाच ॲन्टेनावर, दोन्ही पेट्या आळीपाळीने लावल्या. त्या विक्रेत्याच्या पेटीवर गोंगाटाने एस-मीटर ९, आमच्या पेटीवर ३. तेथेच ज्यांनी पेट्या मागितल्या, त्यांच्या आगाऊ रकमेतून कर्जाचे हप्ते पुन्हा सुरू झाले. नंतरची वर्षे सुरळीत गेली.

नव्या मंडळींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाचे असतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पॅनेल ६५ अंशांवर जाते आणि दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के, म्हणजे एकूण १६ टक्के वीज उन्हातच जाते. पूर येतो तेव्हा तर आभाळ भरलेले असते, म्हणून पॅनेल हिशेबापेक्षा मोठेच घ्यावे. १०० ऐवजी २५ वॅटवर बोलल्यास समोरच्याचा एस-मीटर केवळ एका अंकाने उतरतो, आणि बॅटरी मात्र कितीतरी अधिक टिकते. सेटची वायर ६ चौरस मिलिमीटरची घ्यावी, २.५ ची दोन मीटर वायर २० अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून अधिक खाते. फ्यूज सेटजवळ नव्हे, बॅटरीच्या टोकालाच हवा. तो नसेल तर आम्ही पेटी दुरुस्तीलाही घेत नाही.