डिंकाच्या लाडवात काय नसतं

बाळंतिणीच्या खोलीत स्टीलचा एक मोठा डबा असतोच. वरच्या थरात डिंकाचे लाडू, खाली मेथीचे, आणि आजी दर दोन तासांनी विचारून जाते, "खाल्लास का गं?" तरीही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाई जिना चढताना कठड्याला धरून उभी राहते. झोप नाही हे खरंच आहे, झोपेची भरपाई कुठलंही खाणं करत नाही. पण थकव्याचा बराचसा भाग ताटातून येतो आणि तो ताटातूनच कमी होतो.

आधी हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी आणि साधारण १७ ग्रॅम प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. आता लाडू बघा. डिंक १०० ग्रॅम, खारीक पूड २५०, सुकं खोबरं २५०, बदाम १००, खसखस ५०, गूळ ४०० आणि तूप २५० ग्रॅम, एवढ्यात मध्यम आकाराचे ३५ लाडू होतात. एका लाडवात जवळपास २०० कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे तीन लाडवांत ६०० कॅलरी पूर्ण, प्रथिनं मात्र १७ पैकी पाचसुद्धा नाहीत. वर लाडवांनी पोट भरलेलं, त्यामुळे जेवताना वरण अर्धी वाटीच जातं. लाडू बंद करा असं मुळीच नाही. रोज एक, फार तर दीड. बाकीची जागा दुसऱ्या कशासाठी तरी ठेवा.

ते दुसरं काहीतरी रात्री तीन वाजता, मांडीवर बाळ असताना, एका हाताने, दिवा न लावता खाता आलं पाहिजे. कितीही पौष्टिक पदार्थ असो, त्याला उठून स्वयंपाकघरात जावं लागणार असेल तर तो पोटात जाणार नाही. त्यासाठी सगळ्यात सोयीचा डाळं-शेंगदाण्याचा लाडू. पंढरपुरी डाळं १५० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १५० ग्रॅम, चिरलेला गूळ १२० ग्रॅम, तूप दोन चमचे. डाळं आधी एकटं बारीक करा. मग शेंगदाणे आणि गूळ एकत्र घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. शेंगदाण्याचं तेल जरासं सुटायला हवं, त्यानेच लाडू बांधला जातो. सलग फिरवलंत तर तेल जास्त सुटून चिकट लगदा होतो. फारच कमी फिरवलंत तर लाडू चावताना भुगा सगळा बाळाच्या डोक्यावर. चौदा लाडू होतात, प्रत्येकात सुमारे पाच ग्रॅम प्रथिनं. फ्रीजशिवाय आठ-दहा दिवस सहज टिकतात. रात्री दोन खाल्ले की दहा ग्रॅम झाले.

त्या डब्याशेजारी झाकणाची पाण्याची बाटली हवी. बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायचं ही प्रथा काही घरांत अजून आहे आणि तिला काही आधार नाही. पाजायला बसलं की बहुतेकींना घशाला कोरड पडते. तेव्हा भांडंभर पाणी प्यायचं, तहान लागेल तसं पीत राहायचं, मोजमाप ठेवायची गरज नाही. मात्र बाळ मांडीवर असताना गरम चहा किंवा गरम पेज हातात घेऊ नका. डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात.

दिवसाच्या जेवणात सगळ्यात कमी कष्टात जास्त देणारी म्हणजे मुगाच्या डाळीची खिचडी, पण प्रमाण बदलून. घरोघरी दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ पडते. बाळंतिणीसाठी तांदूळ आणि डाळ समसमान घ्या, १०० ग्रॅमला १०० ग्रॅम. सुमारे ३२ ग्रॅम प्रथिनं होतात; दोन वेळच्या ताटांत वाटली तर प्रत्येकी १६. तांदूळ-डाळीच्या एकूण मापाच्या अडीचपट पाणी घातलं की मऊ होते. डाळ जास्त असल्याने ही खिचडी गार झाल्यावर दगडासारखी घट्ट बसते, म्हणून वाढताना कढत पाणी घालून सैल करा. वर तूप एक चमचा, शेजारी लिंबाची फोड. अंडी चालत असतील तर प्रश्नच सुटला, दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं येतात. कोकणात-गोव्यात मासे खाणाऱ्या घरात बाळंतिणीचे मासे सव्वा महिना बंद करण्याचं काहीच कारण नाही.

पथ्याची यादी हा खरा घोळ. डाळ वातूळ, दही थंड, फळं थंड, पालेभाजी बाळाला बाधते. सगळं वगळलं की ताटात उरतो मऊ भात, तूप, मेतकूट आणि शिरा. आईने वरण खाल्लं म्हणून बाळाच्या पोटात गॅस होत नाही. तिच्या आतड्यात होणारा गॅस दुधात उतरत नसतो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी बाळ अस्वस्थ होतंय असं दिसलं तर तेवढा एकच पदार्थ काही दिवस थांबवून बघा. बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा. बाकी शेपूची भाजी, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी, जेवणानंतर चिमूटभर बाळंतशोपा या गोष्टी खुशाल खा, त्यांच्याशी कुणाचं भांडण नाही.

आता अळीव. 'अळिवात भरपूर लोह' हे वाक्य जुन्या कोष्टकांवरून चालत आलंय. त्यांत १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह दिलेलं होतं. २०१७ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नघटकांची नवी कोष्टकं काढली, त्यांत हा आकडा सुमारे १७ आहे. ५० ग्रॅम अळीव, एका नारळाचा चव आणि गूळ यांचे वीस लाडू वळले, तर एका लाडवात अडीच ग्रॅम अळीव, म्हणजे लोह ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास. आईची रोजची गरज २३ मिलिग्रॅम. तेव्हा अळिवाचा लाडू चवीने खावा, पण त्याच्या भरवशावर लोहाची गोळी सोडू नये. (करताना अळीव नारळाच्या पाण्यात निदान दोन-तीन तास भिजू द्या, नाहीतर दातांखाली कचकच येते. ओल्या नारळामुळे हे लाडू बाहेर दोन दिवसांपलीकडे ठेवू नका.)

नाचणीतही एक ग्यानबाची मेख आहे. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, हे बरोबर. पण ते बरंचसं सालीकडच्या भागात असतं. भिजवून, वाटून, गाळून, खाली बसलेलं पांढरंशुभ्र सत्त्व काढलं की तो भाग चोथ्याबरोबर गेला. हाती उरला मुख्यतः स्टार्च. बाळंतिणीसाठी सत्त्वाची मेहनत नको. नाचणीला मोड आणून, सुकवून, भाजून सबंध दळा आणि त्या पिठाची आंबील किंवा खीर करा.

गोळ्यांबद्दल एवढंच, की वेळा चुकल्या तर त्या अंगी लागत नाहीत. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोह-फॉलिक ॲसिडची एक गोळी आणि सहा महिने कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या दिल्या जातात. दोन्ही एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे सकाळी चहा-बिस्किटाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळणं. चहातलं टॅनिन लोहाला अडवतं, दूधही अडवतं. कॅल्शियम नाश्त्याबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या, लोह सकाळी अकराच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर, आणि त्याच्या आगेमागे तासभर चहा नको. मळमळलं तर रिकाम्या पोटाऐवजी दुपारच्या जेवणानंतर घ्या. शी काळी होते, घाबरू नका. खडा धरला तर गोळी बंद करण्याआधी पाणी, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका करून बघा.

दूध वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालण्याआधी डब्यामागची यादी वाचा; बऱ्याचदा पहिलं नाव साखरेचं असतं. दूध वाढतं ते बाळ वारंवार आणि नीट ओढतं त्यामुळे.

एवढं सगळं सांभाळूनही थकवा हटत नसेल तर लाडवांची संख्या वाढवू नका, रक्त तपासा. हिमोग्लोबिन, जमल्यास फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा). शाकाहारी असाल तर बी १२ आवर्जून, कारण आईत ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं आणि बाळालाही कमी पडतं. थायरॉईडसाठी टीएसएच, बाळंतपणानंतर काही महिन्यांनी थायरॉईड मंदावू शकतं, आणि सुस्ती, केस गळणं, बद्धकोष्ठ हे सगळं 'बाळंतपणामुळे होतंच' या नावाखाली खपून जातं. गरोदरपणात साखर वाढली असेल तर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायचीच, आणि तोवर गुळाचे लाडू डॉक्टरांना विचारूनच. सहाव्या आठवड्यात बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात जावं लागतंच. त्याच दिवशी आईचंही रक्त काढून घ्या. ग्लुकोजची चाचणी असेल तर उपाशी पोटी जा आणि दोन तास थांबायच्या तयारीने बाटली आणि चाचणी संपल्यावर खायला डबा बरोबर घ्या.