नऊ बाय दहा

लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आलं. कुणी आणून ठेवलं ते आजतागायत कळलेलं नाही. आठवड्याभरात त्याच्या सोबतीला चेन तुटलेली सुटकेस आली, दोन आकाशकंदील आले, मुलाची चारच तारा उरलेली गिटार आली. मग माळ्यावरून थर्माकोलचं मखर उतरलं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून ते वापरता येत नाही आणि यांनी स्वतः रात्र जागून कोरलेलं असल्यामुळे टाकताही येत नाही. घरातली रिकामी खोली म्हणजे एसटीतली रिकामी सीट. खिडकीतून जो आधी रुमाल टाकेल त्याची.

मी महिनाभर बघत होते. मग एका रात्री जेवताना रुमाल टाकला. म्हटलं, "ती खोली मी घेते."

"घे की," हे म्हणाले. आमटी वाढून घेतली आणि मग डोक्यात शिरलं असावं. "घेते म्हणजे?"

"म्हणजे झोपायला. बसायला. माझी म्हणून."

भांडण वगैरे काही नाही हो. यांना रात्री अकराला मॅचच्या हायलाइट्स लागतात, मला पाचला जाग येते. हे घोरतात, आणि मी दिवा लावून वाचते म्हणून कुरकुरतात. अठ्ठावीस वर्षं दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं, आता थोडं सुटं व्हावं इतकंच. पण नणंदेचा फोन आला तो "सगळं ठीक आहे ना गं?" अशा सुरात. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आवाज उतरवून माझ्या हातावर हात ठेवला. बाईने वेगळी खोली मागितली की लोकांना आधी वकील आठवतो.

हे सिव्हिल इंजिनियर. धक्का पचल्यावर टेप घेऊन खोलीत गेले आणि माप सांगत बाहेर आले : नऊ बाय दहा. "नव्वद चौरस फूट. म्हणजे सव्वाआठ चौरस मीटरच्या वर. राष्ट्रीय इमारत संहितेत दुसरी खोली निदान साडेसात चौरस मीटर हवी असं आहे. तेव्हा कायद्याने ही खोली आहे." त्यांच्या परीने तो आशीर्वादच होता.

मला नव्वद फूट कमी वाटत नव्हते. माझं माहेर वरळीच्या बीडीडी चाळीतलं. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या त्या चाळींत एकेक खोली १६० चौरस फुटांची. आम्ही सात जण. दार सकाळी उघडायचं ते रात्री झोपताना बंद व्हायचं. कपडे बदलायचे तर मोरीत, आईचं जुनं पातळ आडवं लावून, आणि तेवढ्यातही कुणीतरी बादली मागायला यायचंच. भिंत काँक्रीटची, खिळा मारला तर खिळाच वाकायचा. त्यामुळे चित्रबित्र लावायची सोय नव्हती.

पण माझी एक पत्र्याची ट्रंक होती. दोन बाय सव्वा फूट असेल. तिच्या झाकणाला आतल्या बाजूने मी कॅलेंडरमधलं कोकणातल्या खाडीचं चित्र खळीने चिकटवलं होतं. त्याच्या शेजारी पावडरच्या डब्याएवढा आरसा, त्याच्या खाली टिकल्यांची ओळ. वापरलेल्यासुद्धा, कारण टिकली दोनदा तरी चालते. कडेला एक रबरबँड ताणून बसवलेला, त्यात कंगवा आणि कुणाला दाखवायची नाहीत अशी दोन पत्रं. झाकण उघडून ट्रंकेसमोर मांडी घातली की पाठीमागे काय चाललंय ते दिसायचं नाही. माझी पहिली बेडरूम ती. सजवायला फारतर पाच रुपये लागले असतील.

तर आता या वयात खोली सजवायची म्हणून लेकीने मोबाइलवर फोटो पाठवले. 'लहान बेडरूम, स्त्रियांसाठी' असं काहीतरी शोधलं होतं तिने. सगळीकडे भिंती गुलाबी, पलंगावर नऊ उश्या, खिडकीला दिव्यांच्या माळा, जमिनीवर पांढरा केसाळ गालिचा. एकाही खोलीत गुडघ्याला लावायची ट्यूब नाही. गरम पाण्याची पिशवी नाही. पाण्याचा तांब्या नाही. गाऊन अडकवायला खुंटी नाही. रात्री त्या नऊ उश्या ही बाई ठेवते कुठे, आणि पुण्याच्या धुळीत तो गालिचा झाडतं कोण? मला तर वाटतं त्या खोल्यांत बाई राहतच नाही, नुसता फोटो राहतो.

मी माझ्या पद्धतीने गेले. मुलाच्या जुन्या आलेख वहीतला कागद घेतला, एका फुटाला दोन चौकोन धरले, आणि एका जाड लग्नपत्रिकेतून पलंग, कपाट, टेबल कापले. डबल बेड सहा बाय साडेसहाचा. तो ठेवला की नव्वदातले एकोणचाळीस फूट गेले, वर कपाटाचं दार उघडायला पलंगावर चढा. सिंगल तीन बाय सव्वासहा, म्हणजे एकोणीसही नाहीत. पत्रिकेचे तुकडे इकडून तिकडे सरकवत मी दोन दुपारी भातुकली खेळले. पलंग शेवटी खिडकीशी आला, पण बाहेरच्या भिंतीला न चिकटवता चार बोटं सोडून. पावसाळ्यात तिथे ओल धरते.

सुतार म्हणाला, "काकू, खाली बॉक्स करू. सगळं सामान बसेल." तिथेच तर मेख आहे. 'सगळं सामान' म्हणजे माझं नव्हेच. जादा गाद्या, पाहुण्यांच्या चादरी, रुखवतातली न वापरलेली भांडी. घराचं गोदाम करायचं आणि त्यावर बाईला झोपवायचं, याला आपल्याकडे फर्निचर म्हणतात. मी पाय असलेला उघडा पलंग सांगितला. खालून केरसुणी फिरली पाहिजे आणि खाली ठेवायला काही जागा आहे असं कुणाला वाटताच कामा नये.

आरशावरूनही तो अडला. त्याच्या मते आरसा सहा फुटीच हवा. शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र मला आयुष्यात एकदाच उपयोगी पडलं ते इथे : पूर्ण माणूस दिसायला त्याच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, फक्त योग्य उंचीवर लावायचा. मी पाच फूट एक इंच, म्हणजे साडेतीस इंचांचा आरसा. त्याने अविश्वासाने लावला, मला समोर उभं केलं आणि विचारलं, "पाय दिसतात?" दिसत होते. साडीची निरीही. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावल्यामुळे खोलीत उजेड दुप्पट वाटतो, हा वरचा फायदा.

दिव्याचं मात्र मी मनावर घेतलं होतं. बिल्डरने बटणं दाराशी दिलेली आणि पलंग खिडकीशी. बाईमाणसाचा दिवस संपतो तो दिवा मालवून अंधारात चाचपडत अंथरुणापर्यंत येण्याने, पलंगाच्या कडेला करंगळी आपटून. इलेक्ट्रिशियनला सांगून टू-वे स्विच करून घेतला. दिवा एकच, बटणं दोन, एक दाराशी आणि एक उशाशी. भिंत न फोडता पांढऱ्या केसिंग-पट्टीतून वायर नेली. दिसायला बरी नाही ती, पण आडवं पडल्या पडल्या हात लांब करून 'टक्' करता येतं. दिवा घेतला २७०० केल्विनचा, पिवळसर. ६५००चा पांढरा लावला की पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखं वाटतं.

रंगवाल्याने ठरलेलं वाक्य ऐकवलं, की फिका लावा, खोली मोठी दिसते. फिका रंग उजेड जास्त परत फेकतो हे खरंच. मी तीन भिंती ताकाच्या रंगाच्या करून घेतल्या आणि उशामागची एक जांभळाच्या रंगाची. मोठी दिसून मला काय करायचंय? मला ती भरलेली हवी होती.

आणि पडदा. इथे मला थोडं फुशारकी मारू द्या. प्रत्येक मराठी घरात ओटीच्या ब्लाऊजपिसांची एक पिशवी असते. ती कधी रिकामी होत नाही. चैत्रगौर, संक्रांत, मंगळागौर, डोहाळजेवणं, आत भर पडतच असते आणि त्याच पिशवीतून पुढच्या बाईच्या ओटीत जात असते. माझ्या पिशवीत त्रेचाळीस निघाले. त्यातला एक मोरपिशी पीस मी ओळखला : कोपऱ्याला माझ्याच कुंकवाच्या बोटाचा डाग. तो मी धाकट्या जावेला दिला होता. चार वर्षांत तो किती घरं हिंडला देव जाणे, शेवटी समोरच्या विंगेतल्या बाईंच्या हातून माझ्या ओटीत आला.

टू-बाय-टूचे बाजूला काढले, नायलॉनसारखे चरचरीत काढले. उरले सुती आणि खणाचे. गुळेदगुड्डचा खण हातात घेतला की त्याची ती त्रिकोणी घडी मोडवत नाही, पण मोडली. गर्द हिरवा, कुंकवाचा लाल, वांगी, हळदी. पलंगावर मांडून बघितले, कडा जुळवल्या, शिलाई मशीनला तेल घातलं आणि चार दिवसांत सोळा तुकड्यांचा पडदा उभा केला. मागे जुन्या धोतराचं अस्तर. माझ्या डोहाळजेवणाचा खण बरोब्बर मध्ये आहे, मोरपिशी त्याच्या शेजारी. डाग तसाच ठेवलाय. सकाळी साडेसातला उन्हं आली की ताकाच्या रंगाच्या भिंतीवर हिरवा-लाल उजेड सांडतो. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा ड्रेनेजचा पाइप आहे. तो आता दिसत नाही.

सासूबाई हे सगळं दारातून बघत होत्या. वय चौऱ्याऐंशी, आयुष्य वाईच्या वाड्यात गेलं, आमच्याकडे येऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा पलंग हॉलमध्ये, टीव्हीसमोर. त्यांना "एकटं वाटू नये म्हणून" तिथे, हे आम्हीच ठरवलेलं. एका दुपारी मी पैठणीची घडी बदलत होते. एकाच घडीवर राहिली की जर तिथे तुटते, म्हणून वर्षातून दोनदा मोडायची, मलमलीत गुंडाळायची, शेजारी वेखंडाचा तुकडा. त्या खुर्चीत येऊन बसल्या. मी सहज विचारलं, "आई, वाड्यात तुम्हाला खोली होती का हो?"

"होती की," त्या म्हणाल्या. "पाच महिने."

मला कळेना. त्यांनी बोटं मोजली. "चार बाळंतपणं. सव्वा-सव्वा महिना. किती झाले?"

माजघराच्या मागची ती अंधारी खोली. बाज, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी. एरवी बायका माजघरात ओळीने झोपायच्या, मोठ्या जाऊबाई भिंतीशी, धाकटी दारात. "पण तिथंही कोण ना कोण यायचंच," त्या म्हणाल्या. "तेल लावणारी, न्हाऊ घालणारी, बाळ बघायला आलेली. दार म्हणून कधी लावलं नाही." मग पैठणीच्या पदरावर हात फिरवून म्हणाल्या, "हा पोपट चांगला विणलाय."

दाराचं काम राहिलंच होतं. बिल्डरचं लॅच कधीच खिळखिळं झालेलं आणि पावसात दार फुगायचं, त्यामुळे ते गेली दहा-बारा वर्षं नुसतं टेकवलेलं असे. सुताराने फुगलेली कड रंधून दिली. कडीसाठी मी स्वतः बोहरी आळीत गेले. दुकानदाराने चकचकीत स्टीलची दाखवली, मी पितळी मागितली, जड, सरकवली की आवाज होणारी. फोनवर लेकीला कौतुकाने सांगितलं तर ती क्षणभर बोललीच नाही.

"आई, मी दहावीत असल्यापासून मागत होते ती कडी."

खरं होतं. "घरात कसली कडी लावायची?" असं मीच म्हणायचे. ती अभ्यासाची खुर्ची दाराला टेकवून ठेवायची आणि मी ती ढकलून आत यायचे, धुतलेल्या कपड्यांची चळत घेऊन. ट्रंकेच्या झाकणामागे लपणारी मी ती हीच. काय बोलणार! "दिवाळीला येशील तेव्हा तूच झोप तिथे," म्हटलं. "कडी लावून," ती म्हणाली.

मागच्या गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला सासूबाई उशी काखेत घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आतून लागते का गं ती?"

"लागते की."

"बघू."

त्या आत गेल्या. दार लागलं. पितळेचा तो जड आवाज झाला. हे हॉलमधून उठून आले. "आईने कडी लावली? आत काही झालं म्हणजे?" मी म्हटलं, तासाभराने हाक मारू. ते दाराबाहेर येरझाऱ्या घालत राहिले, बाळंतिणीच्या खोलीबाहेर घालतात तशा. मी हॉलमध्ये इस्त्री करत होते. टेबल आता तिथे असतं.

चार वाजता चहा झाला. मी दारावर टकटक केली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.