त्या दिवशी कुणाचंच काही झालं नव्हतं

नैराश्याच्या गटाचं चौथं सत्र मला नेहमीच जड जातं. पहिल्यात नवेपणा असतो, दुसऱ्यात 'माझ्यासारखे आणखी आहेत की' याचा दिलासा, तिसऱ्यात जरा ओळखी झालेल्या असतात. चौथ्यापर्यंत नव्याची नवलाई संपते आणि शेवट तर अजून लांब असतो. त्या दिवशी आले मात्र सगळे होते.

दीर्घकालीन नैराश्य असलेल्यांसाठी आम्ही जो गट घेतो, त्याचा साचा स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि सहकाऱ्यांनी जुनाट आजारांसाठी बसवलेल्या कोर्सच्या धर्तीवरचा आहे. सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, आणि पुढे बसणारे दोघं. त्या दोघांपैकी निदान एकाने तरी आजार स्वतः भोगलेला हवा. आमच्यात ती माझी सहकारी. तिचं नैराश्य डिस्थायमिया प्रकारचं आहे, म्हणजे फार खोल नाही पण वर्षानुवर्षं पाठ न सोडणारं. मी काही डॉक्टर नाही. इथे उपचार होत नाहीत, ते आपापल्या डॉक्टरांकडे चालू ठेवायचे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते. (खोलीतलं बोलणं खोलीतच, हाही नियम आहेच. हे लिहितेय ते विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.)

प्रत्येक सत्राच्या शेवटी जो तो पुढच्या आठवड्याचा प्लॅन सांगतो. तो स्वतःला करावासा वाटणारा हवा, डॉक्टरांना किंवा बायकोला वाटतो म्हणून नाही. काय, किती, केव्हा आणि आठवड्यातून किती वेळा, हे त्यात यायला हवं. 'रोज व्यायाम करीन' चालत नाही. 'मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी दहा मिनिटं चालीन' चालतं. मग शून्य ते दहा या मापावर खात्री किती ते सांगायचं, आणि सातच्या खाली आली तर प्लॅन लहान करायचा. वरवर पोरखेळ वाटतो. पण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली मांडलं तेच यामागे आहे: 'मला जमेल' हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो प्रत्यक्ष जमल्यामुळे. नैराश्यात माणूस नेमका उलटा अडकतो. आधी बरं वाटू दे, मग करतो, असं म्हणत वर्षं जातात.

पुढच्या सत्राची सुरुवात मग 'झालं का?' या फेरीने होते. त्या दिवशी पहिले बोलले ते एक निवृत्त शिक्षक. जुन्या मित्राला फोन करायचा होता. "मोबाइल हातात घेतला, त्याचं नाव बघितलं आणि ठेवून दिला." नंतरच्या तरुणाला खुर्चीवरचे कपडे घडी करून ठेवायचे होते. "खुर्ची मोकळी झाली," तो म्हणाला, "ढीग आता पलंगावर आहे." दोघं-तिघं हसले. पुढे ते हसणंही थांबलं. नाही. नाही झालं. माझंही नाही. रात्रपाळी करणारे एक गृहस्थ नुसतेच म्हणाले, "आता काय फरक पडतो?" खालमानेने बसलेल्या एक ताई कुजबुजल्यासारखं 'नाही' म्हणाल्या. शेवटी माझ्या सहकारीची पाळी आली, कारण प्लॅन आम्हीही करतो. तीही म्हणाली, "माझंही राहिलं. दोन्ही दिवस अंथरुणातून उठलेच नाही."

सत्राचा विषय होता अडचण सोडवण्याच्या पायऱ्या. त्याआधीच मी मधली सुट्टी जाहीर केली, कारण 'काय फरक पडतो' हे माझ्या कानात अडकलं होतं. असं वाक्य आलं की ते हवेत सोडायचं नसतं. गृहस्थांना बाजूला घेऊन सरळ विचारलं, "जगणंच नको असं वाटतंय का?" असं विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती खरी नाही. उलट विचारलं की माणूस बोलतो. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्नही याबद्दलच असतो, पण कागदावरच्या खुणेवर मी विसंबत नाही. ते म्हणाले, "नाही हो, तसं नाही. आतापर्यंत कधी वाटलं नाही असं नाही, पण आत्ता नाही. आत्ता फक्त प्लॅनचा वैताग आलाय." पूर्वी वाटलं तेव्हा काय केलं, आता वाटलं तर कुणाला फोन करणार, डॉक्टरांची पुढची तारीख कधी, हे सगळं बोलून झाल्यावरच मी आत गेले.

तोवर माझ्या सहकारीला दाराशी त्या ताईंनी गाठलं होतं. ती मला म्हणाली, "जरा ऐक." ताईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "माझं झालं होतं. तिन्ही दिवस."

त्यांचा प्लॅन होता, आठवड्यातून तीनदा सकाळी दहाच्या आत अंघोळ. हे वाचून कुणाला हसू येत असेल, तर त्यांनी हा आजार जवळून बघितलेला नाही.

"मग नाही का म्हणालात?"

"सगळे नाही म्हणत होते. मी एकटीच कशी हो म्हणणार?" मग थोडं थांबून, "घरीही सांगितलं नाही. केस ओले दिसतील म्हणून वाळेपर्यंत खोलीचं दार लावून बसले."

का, ते त्यांनी आपणहून सांगितलं. बरं वाटतंय असं नुसतं दिसलं तरी घरातलं सगळं पुन्हा त्यांच्या अंगावर येतं. आणि चार दिवसांनी परत खाली गेल्या की ऐकावं लागतं, 'परवा तर चांगली होतीस.'

हे गटात मांडायचं का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, मांडा, पण तुम्ही सांगा. मी सांगितलं, आणि मघाशी मानेनेच नकार देणारी माणसं एकदम बोलायला लागली. आजारपणाच्या रजेवर असलेला तरुण म्हणाला, ऑफिसचं कुणी बघेल म्हणून मी दिवसा बाहेरच पडत नाही. फिरताना दिसलो तर काय उत्तर देऊ? गुरुजी म्हणाले, मी दार लावून विनोदी कार्यक्रम बघतो, बाहेर हसू ऐकू जाऊ नये म्हणून. आणि रात्रपाळीवाले गृहस्थ म्हणाले, "डॉक्टरांना मी थोडं वाढवूनच सांगतो. बरं आहे म्हटलं तर गोळी कमी करतील."

माणसं आपलं दुःख लपवतात, हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. ही माणसं सुधारणा लपवत होती, आणि तीही तितक्याच कष्टाने. शेवटच्या वाक्याने तर मी सावध झाले. तसं सांगितलं तर डॉक्टर डोस ठरवणार तो न घडलेल्या गोष्टींवरून.

बोलता बोलता आणखी एकीने कबूल केलं की तिचं तीनपैकी एक दिवस झालं होतं, पण 'एक म्हणजे काही नाहीच' म्हणून तिने ते धरलंच नव्हतं. ते आम्ही धरलं. मग कुणीतरी मोठ्या मनाने म्हणालं, गुरुजींनी फोन हातात घेतला हेही धरा. माझी सहकारी पटकन म्हणाली, "नको. फोन लावला नाही तर नाही लावला." गुरुजींनाच ते पटलं. खोट्या शाबासकीचा वास या लोकांना फार लवकर येतो, कारण घरी ती रोज मिळत असते.

मग फळ्याकडे वळलो. पहिली पायरी अडचण नेमक्या शब्दांत मांडण्याची, आणि त्यातच बराच वेळ गेला. 'घरचे समजून घेत नाहीत' यावर काहीच करता येईना. शेवटी तरुणाने सांगितलेलं वाक्य लिहिलं: चांगला दिवस कसा सांगावा, म्हणजे त्याचं वचन होणार नाही? पुढची पायरी सुचेल ते सांगण्याची. त्यात कुणी कुणाला खोडायचं नाही. एकाच माणसाला सांगावं. दुसऱ्या दिवशी सांगावं. काय जमलं त्याच दमात काय अजून जमत नाही तेही सांगावं. शब्दांऐवजी दहापैकी आकडा सांगावा. कॅलेंडरवर नुसती खूण करावी. कुणाला काही सांगूच नये, हेही फळ्यावर चढलं.

ताईंनी बहिणीला सांगायचं ठरवलं. वाक्यही तयार केलं: 'या आठवड्यात तीनदा लवकर अंघोळ झाली, बाकी सगळं होतं तसंच आहे.' खात्री? पाच. अडतंय कुठे? तोंडावर सांगायला. मग मेसेज केला तर? आठ.

पाचव्या सत्राला त्या आल्या त्या मोबाइल पुढे धरूनच. बहिणीचं उत्तर होतं, "अरे वा! मग आता गोळ्या बंद?" गट इतका हसला की मला थांबावं लागलं. तो दिवस औषधांचाच होता, त्यामुळे सुरुवात आयतीच मिळाली. बरं वाटायला लागल्यावरही गोळ्या साधारण किमान सहा महिने चालू ठेवायला सांगतात, आजार वारंवार उलटत असेल तर त्याहून जास्त. आणि मनानेच एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात. ताईंनी त्यातलं निम्मं तिथेच बहिणीला टाइप करून पाठवलं.

शेवटच्या फेरीत रात्रपाळीवाले गृहस्थ म्हणाले, "डॉक्टरांना या वेळी खरं सांगणार."

"खात्री किती?"

"सहा."

"मग लहान करा," गुरुजी म्हणाले.

त्यात दहा मिनिटं गेली. ठरलं ते असं: बोलायचं काहीच नाही. या आठवड्यात कोणत्या दिवशी किती तास झोप झाली, तेवढं एका कागदावर लिहायचं आणि तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. आठ.